नेट गेले? आधी संगणकाला विचारा

शाळेच्या संगणक कक्षात आठवी-नववीच्या मुलांना काळ्या खिडकीत आज्ञा टंकायला शिकवतात, हे पाहून काही पालकांनी शंका विचारली. माऊसने सगळे होत असताना ही जुनी पद्धत कशाला? आणि मुलांनी भलतेच काही टंकून यंत्र बिघडवले तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विश्वस्त मंडळींचा तिसरा प्रश्न खर्चाचा आहे. दर वेळी नेट बंद पडले की बाहेरून कारागीर बोलवावा लागतो, तो येईपर्यंत तास फुकट जातो आणि बिल वेगळेच. शिष्यवृत्तीचे किंवा परीक्षेचे फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस असेल, तर प्रश्न तासापुरता राहत नाही. एखाद्या मुलाचे वर्ष त्यात अडकू शकते. या तिन्ही प्रश्नांना धरून हा लेख लिहीत आहोत.

मुलांची तक्रार ठरलेली असते : "सर, नेट चला गया." इंदुरातली मराठी मुले घाईत असली की हिंदीतच बोलतात, त्याला इलाज नाही. पण एवढ्याशा तक्रारीमागे निदान पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. केबल निघालेली असेल. केबल ठीक असून संगणकाला पत्ताच मिळाला नसेल. पत्ता मिळाला, पण तोच दुसऱ्या यंत्राकडेही असेल. कक्षातले सगळे सुरळीत असून बाहेरची लाइन बंद असेल. किंवा लाइनही चालू असून केवळ नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा बंद असेल. पडद्याच्या कोपऱ्यातले छोटे चित्र या पाचांपैकी नेमके काय झाले ते सांगत नाही. काळी खिडकी सांगते, आणि म्हणूनच ती शिकवायची.

आता थोडी मूळ कल्पना. संगणक जाळ्याला जिथून जोडला जातो त्या जागेला नेटवर्क इंटरफेस म्हणतात. आपण त्याला दार म्हणू. एका संगणकाला अशी अनेक दारे असतात. केबलचे एक, वाय-फायचे एक, आणि एक आतल्या आत उघडणारे, ज्यातून संगणक स्वतःशीच बोलतो. या शेवटच्या दाराला लूपबॅक म्हणतात आणि त्याचा पत्ता सगळीकडे १२७.०.०.१ हाच असतो. बाकीच्या प्रत्येक दाराला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात : स्वतःचा पत्ता, आपली गल्ली कुठवर आहे ते सांगणारा मास्क, गल्लीबाहेर जाण्याचा रस्ता म्हणजे गेटवे, आणि नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस. सेटिंग बदलणे म्हणजे या चारांपैकी काहीतरी बदलणे, नाहीतर दार उघडणे किंवा बंद करणे. यापलीकडे त्यात गूढ असे काही नाही.

मास्क मुलांना अवघड जातो, म्हणून टपालाचे उदाहरण घेतो. रामबागेतल्या एका घरून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरी चिठ्ठी द्यायची असेल तर कोणी पोस्टात जात नाही. पोरगे धावत जाऊन हातात देऊन येते. तीच चिठ्ठी बेळगावला पाठवायची तर मात्र पोस्टाच्या पेटीत टाकावी लागते, पुढचा रस्ता पोस्ट जाणे. संगणकही प्रत्येक वेळी हेच ठरवतो. समजा त्याचा पत्ता १९२.१६८.१.२५ आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. याचा अर्थ, पत्त्यातले पहिले तीन आकडे ही गल्ली आणि शेवटचा आकडा हे घर. १९२.१६८.१.४० कडे जायचे तर गल्लीतच, थेट. दुसऱ्या कुठल्याही गल्लीत जायचे तर गेटवेकडे सोपवायचे. मास्क चुकला तर संगणक शेजाऱ्याची चिठ्ठीही पोस्टात टाकू लागतो, किंवा बेळगावची चिठ्ठी गल्लीतच शोधत बसतो. पिनकोडची घडणही याच जातीची आहे. पहिल्या आकड्यांवरून विभाग कळतो, शेवटच्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. इंदूर शहराचे पिन ४५२ ने सुरू होतात ते त्यामुळेच. ही पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मराठी पंडित होते, हे मुलांना जरूर सांगावे.

कक्षातल्या भिंतीवर आम्ही आज्ञांचा एक तक्ता लावला आहे. त्यात त्या रोमन अक्षरांत, जशा टंकायच्या तशा लिहिल्या आहेत. इथे त्यांचे उच्चार देत आहोत. तक्त्याचे दोन भाग आहेत, हिरवा आणि लाल. हिरव्या आज्ञा फक्त विचारतात. त्यांनी काहीही बदलत नाही, त्या शंभर वेळा दिल्या तरी यंत्राला काही होत नाही. लाल आज्ञा बदल करतात. पालकांच्या भीतीचे उत्तर या दोन रंगांत आहे, म्हणून आधी हिरव्यांकडे वळू.

विंडोजच्या यंत्रावर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. प्रत्येक दाराची माहिती एकाखाली एक येते. एखाद्या दारासमोर 'मीडिया डिसकनेक्टेड' असे आले तर चर्चा संपली. केबल पाहा, स्विचचा दिवा पाहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ फार उपयोगाचा आहे. संगणकाने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला. म्हणजे केबल बहुधा ठीक आहे, पण पत्ते वाटणाऱ्याशी, बहुतेक शाळांत हे काम राउटर करतो, त्याच्याशी गाठ पडलेली नाही. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिची पहिली नियमावली १९९३ साली निघाली. त्याआधी पत्ते हाताने लिहिण्याचीच सर्रास रीत होती. 'आयपीकॉन्फिग' पुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' जोडले की सविस्तर माहिती येते : पत्ता वाटून मिळाला की हाताने घातलेला, कोणी दिला, केव्हापर्यंतचा आहे, डीएनएस कोणता.

लिनक्सच्या यंत्रांवर आज्ञा वेगळी. आपल्याकडील जुन्या संगणकांवर लिनक्स आहे, त्याचे कारण पालकांना ठाऊक असावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत कंपनीने थांबवली, आणि जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. चालती यंत्रे भंगारात देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. तर लिनक्सवर 'आयपी', जागा, 'ॲड्र' असे टंकावे. पुष्कळ पुस्तकांत अजून 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा छापलेली असते. ती १९८३ साली बर्कलेच्या बीएसडी युनिक्समधून आली आणि तिने फार मोठी सेवा केली, पण अनेक नव्या लिनक्समध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. पुस्तकाप्रमाणे टंकल्यावर 'कमांड नॉट फाउंड' आले तर मुलांनी गोंधळू नये. तिची जागा घेणारी 'आयपी' ही आज्ञा रशियन प्रोग्रामर अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांनी लिहिलेल्या संचातली आहे.

'आयपी ॲड्र' च्या उत्तरात पहिले दार 'एलओ' म्हणजे लूपबॅक. त्यापुढे 'ईएनपी३एस०' सारखे विचित्र नाव दिसते. पूर्वी इथे सुटसुटीत 'ईटीएच०' असायचे. २०१३ पासून नावे बदलत गेली आणि त्यामागचे कारण चांगले आहे. यंत्रात दोन कार्डे असली की कोणते शून्य आणि कोणते एक, हे चालू होताना कोण आधी जागे झाले यावर ठरत असे. कधीतरी अदलाबदल होई आणि एका दाराची सेटिंग दुसऱ्याला लागत. आता नावच जागेवरून पडते. 'ईएन' म्हणजे केबलचे, 'पी३' म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची बस, 'एस०' म्हणजे तिथला शून्य क्रमांकाचा खाचा. वाय-फायचे नाव 'डब्ल्यूएल' ने सुरू होते. नावापुढच्या कंसात 'अप' असते, त्याचा अर्थ फक्त एवढाच की दार उघडे ठेवायला सांगितले आहे. पलीकडे कोणी आहे की नाही ते 'लोअर अप' या शब्दाने कळते. त्याऐवजी 'नो कॅरिअर' दिसले तर दार उघडे, पण केबलच्या दुसऱ्या टोकाला जीव नाही. हा फरक ज्याला कळला त्याने निम्मे निदान शिकले असे आम्ही मानतो. 'आयपी रूट' दिल्यावर 'डिफॉल्ट' ने सुरू होणारी ओळ येते, त्यात गेटवेचा पत्ता असतो. ती ओळ नसेल तर गल्लीबाहेर जायला रस्ताच नाही.

एवढे पाहून झाले की 'पिंग'. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतील गृहस्थांनी हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधण्यासाठी ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव ठेवले. तो वापरण्यात क्रम महत्त्वाचा. आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःला हाक. मग गेटवेला. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. जिथे उत्तर येणे थांबले तिथे दुखणे आहे. गेटवे उत्तर देतो पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर शाळेतले काही खोलू नये, लाइन देणाऱ्यांना फोन करावा. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस. विंडोजमध्ये पिंग चार हाका मारून थांबतो, लिनक्समध्ये 'कंट्रोल' आणि 'सी' दाबेपर्यंत चालूच राहतो. एक सावधगिरी मात्र हवी. काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तशी ती सुरक्षेसाठी लावलेली असतात. तेव्हा उत्तर आले तर रस्ता आहे हे नक्की. नाही आले तर रस्ता नाहीच, असे लगेच ठरवू नये.

इथपर्यंत कोणीही काही बदललेले नाही, आणि आमच्या मते नव्वद टक्के शहाणपण इथपर्यंतच आहे. कारागिराला फोन करतानाही "नेट बंद आहे" म्हणण्यापेक्षा "गेटवेला पिंग जातो, बाहेर जात नाही" असे सांगितले तर फेरी वाचते.

आता लाल भाग. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ला 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' जोडून वाटलेला पत्ता परत करता येतो आणि नवा मागता येतो. हाताने पत्ता घालायचा असेल तर 'नेटश' ही आज्ञा. तिच्यात दाराचे नाव, पत्ता, मास्क, गेटवे एका ओळीत सांगतात. लिनक्समध्ये 'आयपी लिंक सेट', मग दाराचे नाव, मग 'डाउन' किंवा 'अप' अशी आज्ञा दार बंद करते किंवा उघडते. 'आयपी ॲड्र ॲड' पत्ता घालते.

या दोहोंत एक फरक आहे आणि तो न कळल्याने भलेभले फसतात. विंडोजच्या 'नेटश' ने घातलेला पत्ता यंत्र बंद करून चालू केले तरी राहतो. लिनक्सच्या 'आयपी' ने केलेला बदल तात्काळ लागू होतो, पण तो फक्त चालू स्थितीत असतो. यंत्र पुन्हा सुरू केले की पुसला जातो. सायंकाळी सगळे ठीक करून जावे आणि सकाळी दुखणे परत यावे, हा प्रकार बहुधा याचाच. कायमचा बदल हवा असेल तर जाळ्याचा कारभार पाहणाऱ्या सेवेला सांगावे लागते. पुष्कळ लिनक्समध्ये ती सेवा नेटवर्क मॅनेजर ही आहे आणि तिची आज्ञा 'एनएमसीएलआय'. तिची तऱ्हा उलटी. 'कनेक्शन मॉडिफाय' ने बदल नोंदला जातो, कायम राहतो, पण चालू जोडणीला साधारणपणे लगेच लागत नाही. 'कनेक्शन अप' असे पुन्हा सांगावे लागते. एकीकडे लागू होते पण राहत नाही, दुसरीकडे राहते पण लगेच लागू होत नाही. शिकवताना आम्ही या दोन आज्ञा मुद्दाम एकाच तासाला घेतो. तात्पुरत्या बदलाचा एक फायदाही आहे : चुकले तर यंत्र पुन्हा सुरू करावे, जुनी स्थिती परत. म्हणून आधी तात्पुरते करून पाहावे, जमले की मग कायम करावे.

हाताने पत्ता घालण्याबद्दल विश्वस्तांसाठी दोन शब्द. प्रिंटरला कायमचा पत्ता हवा म्हणून कोणीतरी तो हाताने घालतो. पुढे राउटर तोच पत्ता एखाद्या संगणकाला वाटून टाकतो. मग कधी प्रिंटर सापडत नाही, कधी त्या संगणकाचे नेट जाते आणि कारण कोणालाच कळत नाही. उपाय सोपा आणि फुकटचा आहे. राउटरला वाटायला दिलेली पत्त्यांची रांग, समजा १०० ते २००, एकदा ठरवावी आणि हाताने घालायचे पत्ते त्या रांगेबाहेरचे ठेवावेत. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, एक वही लागते.

दुसरा धोका अधिक मोठा. दुसऱ्या खोलीतल्या किंवा दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर आपण जाळ्यातूनच काम करत असू आणि त्याचे तेच दार बंद केले, तर आपणच बसलेली फांदी कापली. पुन्हा उघडण्याची आज्ञा द्यायला रस्ताच उरत नाही. हे लहान शाळेतच घडते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर बंद पडले ते अनेकांना आठवत असेल. कंपनीनेच नंतर दिलेल्या माहितीनुसार, नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या साऱ्या वाटा बंद झाल्या. अशा आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष निघाला. त्यांचे डीएनएस जगाला दिसेनासे झाले, दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने चालेनात, आणि शेवटी माणसांना प्रत्यक्ष केंद्रांत पाठवावे लागले. सुमारे सहा तास गेले. म्हणून दुरून दार बंद करू नये. यंत्राजवळ जाऊन करावे. काही उबुंटू यंत्रांवर 'नेटप्लॅन ट्राय' अशी सोय असते. बदल लागू केल्यावर १२० सेकंदांत आपण होकार दिला नाही, तर ते स्वतःच जुन्या स्थितीवर जाते. ज्याने हे सुचवले तो खरोखर अनुभवी माणूस असला पाहिजे.

मुले लाल आज्ञा देऊ शकतील का, हा पालकांचा प्रश्न राहिला. विद्यार्थ्यांची खाती साधी आहेत. विंडोजमध्ये पत्ता बदलायला प्रशासकाचा अधिकार लागतो, लिनक्समध्ये 'आयपी' ने बदल करायला 'सुडो' आणि त्याचा पासवर्ड लागतो. साध्या खात्यातून दिली तर परवानगी नाही असे उत्तर येते आणि काही बदलत नाही. 'एनएमसीएलआय' बाबत मात्र थोडे जपावे लागते. समोर बसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही काही लिनक्समध्ये जोडणी तोडता-जोडता येते. ती मोकळीक यंत्र बसवतानाच तपासून हवी तशी करून घ्यावी. लाल आज्ञांचा सराव मुले शिक्षकांसमोर, एका वेगळ्या ठेवलेल्या जुन्या यंत्रावर करतात.

वही संगणक कक्षाच्या कपाटात, किल्ल्यांच्या खणात आहे. प्रत्येक यंत्रासाठी एक पान. लाल आज्ञा देण्याआधी हिरव्या आज्ञेचे उत्तर त्यात उतरवायचे : दाराचे नाव, पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस, पत्ता वाटून मिळालेला की हाताने घातलेला. खाली तारीख आणि बदल करणाऱ्याची सही. बाहेरचा कारागीर आला तरी त्याच्याकडूनही हे पान भरून घ्यावे, अशी कार्यालयाला विनंती आहे. प्रिंटरचे पान पहिले आहे, कारण सर्वांत जास्त फोन त्याच्यासाठीच होतात.